३१ मार्च ते १४ एप्रिल : चौदा दिवसांत मांडूया धंद्याच्या वर्षाचा हिशेब

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या वस्त्यांमधल्या छोट्या दुकानदारांची दुहेरी धावपळ सुरू असते. सीएच्या ऑफिसातून बिले पाठवा म्हणून फोन येत असतात. त्याच वेळी जयंतीचे बॅनर, निळे झेंडे, टी-शर्ट, मंडप, साउंड आणि भोजनदानाच्या ऑर्डरी सुरू झालेल्या असतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि बरोबर चौदा दिवसांनी बाबासाहेबांची जयंती येते. या गडबडीत वर्षाचा आढावा घ्यायचा राहून जातो. कागद सीएकडे जातात, रिटर्न भरला जातो आणि यंदा धंद्याने खरोखर काय दिले हे स्वतः दुकानदारालाच कळत नाही.

गुजराती-मारवाडी पेढ्यांवर दिवाळीत जुनी वही मिटते, येणे-देणे चुकते होते आणि नवी वही उघडते. त्यावर पूजेचे कवच आहे, पण आत एक शिस्त आहे: वर्षातून एक दिवस असा, ज्या दिवशी हिशेब पुरा झालाच पाहिजे. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांत लक्ष्मीपूजन नाही आणि ते नसावेच. मात्र जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या व्यापारापासून दूर ठेवल्यामुळे वही मिटवण्याची ती सवयही आपल्याकडे वारसाने आलेली नाही. आपला दुकानदार बहुतेक वेळा घरातला पहिलाच दुकानदार असतो. त्याला शिकवायला ना मुनीम असतो, ना गल्ल्यावर बसलेले आजोबा. ही सवय आपल्याला स्वतः लावून घ्यावी लागेल आणि त्यासाठी ३१ मार्च ते १४ एप्रिल हे चौदा दिवस फार सोयीचे आहेत.

तथागतांनी सांगितलेला दुकानदार

पैशाचा हिशेब आणि धम्म यांचा काय संबंध, असा प्रश्न काही तरुण विचारतात. संबंध जुना आहे. तथागतांना पहिले अन्नदान करून शरण गेलेले तपुस्स आणि भल्लिक हे दोघे व्यापारी होते. जेतवन विहार दान करणारा अनाथपिंडिकही श्रेष्ठी होता.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात 'पापणिक' म्हणजे दुकानदार याच्यावर दोन छोटी सुत्ते आहेत. उपदेश मुळात भिक्खूंना आहे, पण दाखला दुकानदाराचा आहे आणि तो नेमका आहे. जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात मन घालत नाही, त्याची संपत्ती वाढत नाही, असे पहिले सुत्त सांगते. दुसऱ्या सुत्तात भरभराटीला येणाऱ्या दुकानदाराचे तीन गुण आहेत. त्याला डोळा असतो: वस्तू कितीला पडली, कितीला विकली आणि मागे किती उरेल हे त्याला ठाऊक असते. त्याच्याकडे कसब असते: काय घ्यावे आणि काय विकावे हे त्याला कळते. तिसरा गुण म्हणजे आधार: त्याचा डोळा आणि कसब पाहून पैसेवाले लोक विश्वासाने त्याला भांडवल देतात, कारण हा घरही चालवील आणि आपले पैसेही परत करील, याची त्यांना खात्री वाटते.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधार शेवटी येतो आणि तो डोळ्यावर उभा असतो. आजच्या भाषेत या आधाराला पत म्हणतात. भांडवल वारसाने येऊ शकते, पत हिशेबावर तयार होते. ज्यांना वारसाने काहीच आले नाही, त्यांच्यासाठी वर्षाचा स्वच्छ हिशेब हाच भांडवलाकडे जाणारा रस्ता आहे.

कसब असूनही आधार नाकारला गेला तर काय होते, हे बाबासाहेबांनी अनुभवले होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध करणाऱ्या या अर्थतज्ज्ञाने त्याच्या काही वर्षे आधी मुंबईत शेअरबाजारातल्या व्यवहारांबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटले आणि व्यवसाय बंद पडला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ते दार आज पूर्ण उघडले आहे असे कोणी म्हणणार नाही. पण आज कायद्याने काही दारे आपल्यासाठी ठेवली आहेत आणि तिथे कागद मागितला जातो. तो कागद आपल्याकडे तयार असला पाहिजे.

पहिले काम, डोळा : एका दुकानाचे गणित

उदाहरणासाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. तालुक्याच्या गावी फ्लेक्स, पत्रिका आणि टी-शर्ट छपाईचे काम आहे. मालक स्वतः दिवसाचे बारा तास उभा असतो आणि हाताखाली एक मुलगा आहे. वर्षाची एकूण विक्री १४,४०,००० रुपये. "महिन्याला एक लाख वीस हजारांचा धंदा आहे," असे मालक सांगतो आणि ते खरेही आहे. आता खर्च पाहू.

वर्षाच्या सुरुवातीला ६०,००० रुपयांचा माल शिल्लक होता, वर्षभरात ७,२०,००० रुपयांची खरेदी झाली आणि ३१ मार्चला ९०,००० रुपयांचा माल उरला. म्हणजे वापरलेला माल ६,९०,००० रुपयांचा. दुकानभाडे १,२०,०००. मुलाचा पगार १,८०,०००. वीज, इंटरनेट, दुरुस्ती वगैरे ८४,०००. कर्जावरचे व्याज ३६,०००. शेवटचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत, तो म्हणजे घसारा. ३ लाखांचे मशीन पाच वर्षे चालणार असेल, तर दरवर्षी त्यातले ६०,००० रुपये झिजले. सगळे मिळून खर्च ११,७०,००० रुपये. नफा उरला २,७०,०००, म्हणजे महिन्याला २२,५००.

पण मालकाने स्वतःची मजुरी अजून धरलेली नाही. हेच काम तो दुसऱ्याच्या दुकानात करता, तर समजा महिन्याला १८,००० मिळाले असते. वर्षाचे झाले २,१६,०००. ते वजा केले तर धंद्याचा स्वतःचा नफा फक्त ५४,००० रुपये उरतो. एक लाख वीस हजारांच्या महिन्याचा खरा चेहरा हा आहे.

आता घरखर्च. गल्ल्यातून घरासाठी महिन्याला २८,००० रुपये काढले जातात. वर्षाचे ३,३६,०००. नफा २,७०,००० आणि काढले ३,३६,०००. वरचे ६६,००० आले कुठून? मशीनसाठी बाजूला पडायला हवे होते ते ६०,००० घरात गेले आणि बाकीचे कागदवाल्या व्यापाऱ्याच्या उधारीतून आले. दुकान चालू आहे, गर्दी आहे, घरही चालले आहे. फक्त पाच वर्षांनी मशीन बंद पडेल, तेव्हा नव्या मशीनसाठी हातात काही नसेल. मग मालक म्हणेल, मशीनने दगा दिला. दगा आधीच्या पाच मार्चमध्ये झालेला असेल.

हे गणित मांडायला कॉम्प्युटर लागत नाही. बँकेचे स्टेटमेंट, यूपीआयचा तपशील, खरेदीची बिले आणि एक वही पुरते. ३१ मार्चला रात्री दुकान बंद करून शिल्लक माल मोजायचा आणि खरेदीच्या भावाने लिहायचा. पडून असलेला, न खपणारा माल वेगळा लिहायचा. ज्याने वर्षभर काहीच लिहिले नाही, त्याने मागचे तीन महिने तरी उतरवावेत आणि १ एप्रिलपासून रोजची कीर्द सुरू करावी. घराचे आणि दुकानाचे बँक खाते वेगळे करणे ही यातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

दुसरे काम, कसब : पैसा कुठे अडकला?

याच दुकानदाराची लोकांकडे १,६५,००० रुपयांची उधारी आहे असे धरू. ती एकाच आकड्यात न लिहिता वयानुसार लिहावी: महिन्याच्या आतली, तीन महिन्यांपर्यंतची, वर्षाच्या आतली आणि वर्षापेक्षा जुनी. समजा त्यातली ७०,००० वर्षापेक्षा जुनी निघाली. ती बुडीत धरली तर यंदाचा २,७०,००० चा नफा २ लाखांवर येतो.

ही जुनी उधारी कोणाची असते, हे आपल्याला माहीत आहे. मागच्या जयंतीचे बॅनर, कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, "आपलाच माणूस आहे, देईल" असे म्हणून दिलेला माल. दुकानदाराला मागायला संकोच वाटतो. मागितले तर "समाजाच्या कामाचे पैसे घेतो का?" हे ऐकावे लागते. यावर उपाय एकच आहे: दान आणि उधारी यांच्या मध्ये रेघ ओढावी. जयंतीला जे द्यायचे ते आधी ठरवून, पावती घेऊन, आनंदाने दान म्हणून द्यावे. उरलेल्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल नेताना, हा नियम सर्वांना सारखा लावावा. दान हे दान म्हणून दिले की त्याचा सल राहत नाही. बुडालेल्या उधारीला आपण मनाशी दान म्हणतो, पण त्यात दानाचा आनंद नसतो आणि संबंधही बिघडतात.

दुसरी गोष्ट, कोणत्या कामात खरोखर पैसा उरतो? जयंतीच्या हंगामात टी-शर्टची विक्री डोळ्यात भरते. छपाईसह १८० रुपयांना पडलेला टी-शर्ट २०० ला विकला. शंभर छापले, त्यातले ८५ गेले. खर्च १८,०००, हातात आले १७,०००. उरलेल्या पंधरांवर यंदाचे साल छापलेले, म्हणजे पुढच्या वर्षी ते कोणी घेणार नाही. हजार रुपयांचा तोटा झाला आणि आठवडाभराची धावपळ वेगळीच. साल न छापता तेच टी-शर्ट ६ डिसेंबरला चालले असते. असा हिशेब प्रत्येक मुख्य मालाचा वेगळा मांडला, की पुढच्या वर्षी काय वाढवायचे आणि काय बंद करायचे हे आपोआप दिसते.

आपल्या धंद्यांचे एक वेगळे वार्षिक चक्रही आहे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, मग आषाढी पौर्णिमेपासून तीन महिन्यांचा वर्षावास, अशोक विजयादशमीची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव. पुस्तके, मूर्ती, कॅलेंडर, खाद्यपदार्थ, वाहतूक या धंद्यांतल्या मंडळींनी मागच्या वर्षी यातल्या प्रत्येक दिवसाला काय विकले, काय उरले आणि जागा-प्रवासाला किती गेले, हे आत्ताच लिहून ठेवावे. दिवस जवळ आले की आठवण गर्दीची राहते, आकडे विसरले जातात.

आणखी एक पद्धत धम्मातूनच घेण्यासारखी आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू 'पवारणा' करतात. माझ्यात काही चूक दिसली, ऐकली किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी प्रत्येक जण संघाला विनंती करतो. वर्षाअखेर दुकानदारानेही अशी विनंती तिघांना करावी: एका जुन्या गिऱ्हाइकाला, आपल्या कामगाराला आणि घरातल्या माणसाला. गिऱ्हाईक सांगेल, "दादा, तुम्ही वेळ देता ती पाळत नाही." कामगार सांगेल की ओव्हरटाइम मिळत नाही. बायको सांगेल की दुकानात तीही रोज तीन तास बसते, पण हिशेबात तिचे नाव कुठेच नाही. ऐकताना मध्ये बोलायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: कुवतीप्रमाणे काम, वेळेवर अन्न आणि वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा आणि योग्य वेळी सुट्टी. शोषणाविरुद्ध घोषणा देणाऱ्या चळवळीतल्या माणसाच्या दुकानात निदान एवढे पाळले जाते का, हाही वर्षाअखेरच्या आढाव्यातला प्रश्न आहे.

शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. नव्या वर्षात कोणता धंदा वाढवायचा हे ठरवताना नफ्याबरोबर ही चाळणीही लावावी. ज्या दारूने आपल्या वस्त्यांतली घरे उद्ध्वस्त केली, तिच्या दुकानाच्या नफ्याचे समाधान मानता येणार नाही.

तिसरे काम, आधार : पत कागदावर उभी करणे

वरच्या उदाहरणातले ३६,००० रुपयांचे व्याज उलगडून पाहू. समजा ५०,००० रुपये गावातल्या एकाकडून शेकडा ५ रुपये महिन्याने घेतले आहेत. 'शेकडा ५' ऐकायला लहान वाटते. महिन्याला २,५००, वर्षाला ३०,०००, म्हणजे दर ६० टक्के आणि मुद्दल जिथल्या तिथे. हेच ५०,००० बँकेकडून १२ टक्क्यांनी मिळाले असते, तर व्याज ६,००० झाले असते. फरक २४,००० रुपयांचा. धंद्याचा स्वतःचा नफा ५४,००० आहे, हे लक्षात घेतले तर कागद नसल्याची किंमत कळते. ऋण नसणे हे गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक आहे, असे सुत्तात सांगितले आहे. निदान महाग ऋण तरी या वर्षी संपवावे.

बँक काय पाहते? आयकर रिटर्न, खात्याचे स्टेटमेंट, जीएसटी असेल तर त्याचे रिटर्न, उद्यम नोंदणी आणि सिबिल. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छोट्या धंद्यासाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर किमान ८ टक्के, आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. कर सल्लागार बहुतेक वेळा तेवढाच दाखवतात. आपल्या उदाहरणात सगळी विक्री यूपीआयने धरली, तर १४,४०,००० वर ६ टक्के म्हणजे ८६,४००. खरा नफा मात्र २,७०,००० आहे. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा असतो. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. म्हणजे ८६,४०० दाखवून एक रुपयाही वाचत नाही, उलट कर्ज मागायला गेल्यावर बँक तोच आकडा धरते आणि अर्ज बाजूला ठेवते. खरे दाखवणे हे शीलाचेही आहे आणि फायद्याचेही.

या काळात करायची कागदपत्रांची कामे अशी :

• जीएसटीसाठी वर्षाची उलाढाल तपासा. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वस्तू विकणाऱ्याला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख ही नोंदणीची मर्यादा आहे. नोंदणी असलेल्याला नव्या वर्षासाठी कंपोझिशन योजना घ्यायची असेल, तर पर्याय ३१ मार्चपर्यंत द्यावा लागतो.

• १ एप्रिलपासून बिलांचे नवे क्रमांक सुरू करा. कच्च्या चिठ्ठीवर माल देणे बंद करा.

• उद्यम नोंदणी नसेल तर सरकारी पोर्टलवर करा. ती मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे दलाल आणि हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाइट टाळा.

• सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो काढा. फेडलेले कर्ज चालू दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा.

• सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असताना उत्पादन किंवा सेवा पुरवली आणि पैसे थकले, तर २००६ चा कायदा आपल्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र ही तरतूद लागू होत नाही.

आपल्या प्रवर्गाबद्दलही स्पष्टता हवी. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० च्या दुरुस्तीने स्थान मिळाले. बौद्ध हे केंद्राने अधिसूचित केलेले अल्पसंख्याकही आहेत. त्यामुळे महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि अल्पसंख्याकांसाठीचे मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळ या दोन्हींच्या योजना तपासून पाहाव्यात. प्रत्येक ठिकाणी दाखला वेगळा लागतो, म्हणून जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे टप्पे आहेत. तरुण कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंतचा पुढचा टप्पाही आहे.

एक दार तर अनेकांना माहीतच नाही. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहेत. गणवेश, फर्निचर, छपाई, सफाई साहित्य, केटरिंग अशा कितीतरी गोष्टी त्यात येतात. नोकरीतल्या आरक्षणासाठी आपण जसे जागरूक राहिलो, तसे या ४ टक्क्यांसाठीही राहायला हवे. पण तिथेही उद्यम नोंदणी, रिटर्न आणि बिले लागतातच.

पुढचे वर्ष एका पानावर

आढावा घेतल्यावर आराखडा मोठा करू नये. एका पानावर मावेल आणि दुकानात भिंतीवर लावता येईल एवढाच असावा. आपल्या छपाईवाल्याचे पान असे दिसेल.

जुन्या उधारीच्या ७०,००० पैकी निदान ५०,००० जूनअखेर वसूल करायचे आणि त्यातून सावकाराचे ५०,००० फेडायचे. त्यामुळे पूर्ण वर्षाचे ३०,००० व्याज वाचते आणि नफा २,७०,००० वरून ३ लाखांवर जातो. घराला ३,३६,००० लागतात, म्हणजे अजून ३६,००० कमी पडतात. शंभर रुपयांच्या विक्रीत माल साधारण ४८ रुपयांचा लागतो, म्हणजे ५२ रुपये सुटतात. तेव्हा ३६,००० साठी वर्षाला सुमारे ७०,००० ची, महिन्याला ६,००० ची जादा विक्री हवी. एवढी विक्री दोन शाळा किंवा एका संस्थेच्या नियमित कामातून मिळू शकते. ती झाली की घर धंद्याच्या नफ्यात बसते. मग घसाऱ्याचे महिन्याला ५,००० रुपये मशीनसाठी आवर्ती ठेवीत टाकता येतात.

'धंदा वाढवायचा' हे वाक्य कोणालाच दिशा देत नाही. 'महिन्याला ६,००० ची जादा विक्री आणि जूनपर्यंत ५०,००० ची वसुली' हे वाक्य उद्या सकाळी काय करायचे ते सांगते.

सिगालोवाद सुत्तात संपत्तीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात आणि चौथा अडचणीच्या काळासाठी ठेवून द्यायचा. ज्याच्या हाती महिन्याकाठी काहीच उरत नाही, त्याला हे प्रमाण आज जमणार नाही. पण दिशा तीच ठेवावी. धंद्याचा वाटा घरापेक्षा मोठा आणि संकटासाठी काहीतरी बाजूला. लॉकडाऊनमध्ये ज्यांचा चौथा वाटा शून्य होता, त्यांची दुकाने कशी बंद झाली हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे काम एकट्या दुकानदाराचे नाही

चळवळीतल्या तरुणांनो, यात आपलेही काम आहे. पहिले, ज्या मंडळात आपण आहोत त्याची मागच्या जयंतीची थकबाकी या १४ एप्रिलच्या आधी चुकती करा आणि यंदाचे बिल ३० एप्रिलच्या आत द्या. वर्गणीच्या हिशेबाबरोबर देणी चुकती केल्याचे पत्रकही विहारात लावा. आपल्याच माणसाचे दुकान बुडवून साजरी केलेली जयंती बाबासाहेबांना कशी रुचेल?

दुसरे, वस्तीत बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली मुले-मुली आहेत. १ ते १४ एप्रिलच्या दरम्यान एका रविवारी विहारात 'हिशेब दिवस' ठेवता येईल. सकाळी वंदना झाली की दुकानदार, रिक्षावाले, टपरीवाले, शिलाई करणाऱ्या ताई आपापली बिले आणि पासबुके घेऊन बसतील आणि ही मुले त्यांचे एक पानाचे नफा-तोटा पत्रक करून देतील. उद्यम नोंदणी तिथेच होईल. खर्च चहाचा.

तिसरे, मदत घेणाऱ्याने लाजू नये आणि करणाऱ्याने कोणाचे आकडे बाहेर बोलू नयेत. दीघजाणु सुत्तात गृहस्थाच्या या लोकीच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: उद्योगीपणा, कमावलेल्याचे रक्षण, कल्याणमित्र आणि आवक पाहून केलेला खर्च. पहिली गोष्ट आपल्या माणसांत भरपूर आहे, आपला दुकानदार कष्टाला कधीच कमी पडत नाही. बाकीच्या तीन गोष्टी हिशेबाच्या वहीतून आणि एकमेकांच्या सोबतीतून येतील.

यंदा १४ एप्रिलला दुकानात बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना शेजारी आपल्या हातचे ते एक पान लावलेले असू द्या.

जय भीम, नमो बुद्धाय.